आभाळ आणि सांधे

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे भिगवण बहुतेकांना ठाऊक असते ते उजनीच्या फुगवट्यावर उतरणाऱ्या फ्लेमिंगोंमुळे आणि तिथल्या माशांच्या जेवणामुळे. संधिवाताच्या अभ्यासकांना हे गाव आणखी एका कारणाने माहीत आहे. 1996 मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी इथे घरोघर गेले आणि कोणाचे काय, किती, कधीपासून दुखते याची नोंद त्यांनी केली. ‘कॉपकॉर्ड’ या जागतिक उपक्रमातली भारतातल्या खेड्यामधली ही सुरुवातीची पाहणी. 4,092 प्रौढांपैकी 746 जणांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा पाठीचे दुखणे होते. शंभरात 18. सांधे झिजण्याचा आजार शंभरात सुमारे सहा जणांना होता, तर ऱ्हूमॅटॉइड संधिवात दोनशेत एकाला. उरलेल्या कित्येकांच्या दुखण्याला नेमके नाव देता आले नाही. कष्टाने आंबलेली शरीरे होती ती.

ज्यांचे सांधे वर्षानुवर्षे दुखतात त्यांचे स्वतःचे एक पंचांग असते. मृग लागायच्या आधीच गुडघे धरतात. दिवाळीनंतर पहाटे बोटे वळत नाहीत. आभाळ भरून आले की जुन्या फ्रॅक्चरची जागा ठणकते. डॉक्टर यावर कधी हसतात, कधी मान हलवून पुढचा रुग्ण बोलावतात. घरातलेही काही दिवसांनी ऐकून न ऐकल्यासारखे करतात. म्हणून हा प्रश्न एकदा नीट पाहायला हवा: ऋतू बदलला की दुखणे खरेच वाढते का, वाढत असेल तर किती आणि कशामुळे, आणि त्यावर माणसाच्या हातात काय आहे? उपलब्ध अभ्यास वाचून माझे मत असे झाले आहे की हवेचा सांध्यांवर होणारा थेट परिणाम काही जणांमध्ये खरा आहे, पण तो लहान आहे. ऋतूमुळे आपल्या दिवसाची घडी मोडते, चालणे थांबते, औषधे चुकतात, झोप बिघडते, त्याचा परिणाम त्याहून पुष्कळ मोठा आहे. आणि हा दुसरा भाग आवरता येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘संधिवात’ या एका नावाखाली आपण निरनिराळे आजार घालतो आणि ऋतूंशी त्यांचे नाते सारखे नसते. गुडघ्याची झीज वयाने, वजनाने, जुन्या दुखापतीने होते. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो आणि दिवसभराच्या वापराने संध्याकाळी दुखतो. ऱ्हूमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात, सकाळचा ताठरपणा तास-तास उतरत नाही, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दुपटी-तिपटीने आढळतो. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात आणि एका रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. चौथा आजार आपल्याकडे गेल्या वीस वर्षांत घरोघर माहीत झाला, तो चिकुनगुनियानंतरचा. ‘पावसात संधिवात वाढतो का’ असे कोणी विचारले तर आधी विचारायला हवे, कोणता?

हवा आणि दुखणे यांचा संबंध जुन्या वैद्यांनी मानलेला आहे. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत हवा, पाणी आणि स्थळ यांवर एक स्वतंत्र लेखन आहे. आयुर्वेदाने तर या विचाराची व्यवस्थाच लावली. उन्हाळ्यात वाताचा संचय, पावसाळ्यात प्रकोप, शरदात शमन. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा यांना मिळून ऋतुसंधी म्हटले आहे, आणि या काळात जुन्या सवयी हळूहळू सोडून नव्या हळूहळू धराव्यात असे सांगितले आहे. वात-पित्ताची परिभाषा कोणाला पटो न पटो, बदल एकदम करू नये हा सल्ला मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. पुढे त्याचा उपयोग दिसेल.

आधुनिक काळात पहिला संशय हवेच्या दाबावर गेला. पाऊस यायच्या आधी दाब उतरतो, त्यामुळे सांध्याभोवतीच्या ऊती किंचित फुगतात आणि आधीच सुजलेल्या सांध्यात ताण वाढतो, अशी ही कल्पना आहे. ऐकायला ती पटते. पण आपल्याकडच्या आकड्यांवर ती घासून पाहू. मुंबईत जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी दाबात फरक असतो सुमारे दहा हेक्टोपास्कलचा. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोजच दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, तीन-चार हेक्टोपास्कलने. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. आता मुंबईहून डेक्कन क्वीनने पुण्याला या. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर पोचेपर्यंत दाब सुमारे साठ हेक्टोपास्कलने उतरलेला असतो, म्हणजे सबंध पावसाळ्यात मुंबईत जेवढा बदल होतो त्याच्या कितीतरी पट. नुसत्या दाबानेच सांधे दुखत असते, तर बोरघाट चढणाऱ्या प्रत्येक डब्यात कण्हणे ऐकू आले असते.

तरीही दाबाची गोष्ट पूर्ण मोडीत काढता येत नाही. जपानमध्ये जुन सातो यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दाब उतरवल्यावर दुखऱ्या पायाची संवेदनशीलता वाढलेली दिसली, आणि आतल्या कानाचा भाग निकामी केलेल्या उंदरांत ती वाढली नाही. म्हणजे दाबाची चाहूल सांध्याऐवजी कानाला लागत असेल आणि मज्जासंस्था वेदनेचा आवाज मोठा करत असेल. हे उंदरांत दिसले आहे. माणसांबद्दल एवढ्यावरून निकाल देता येणार नाही.

थंडीचे काम अधिक सरळ आहे. गार हवेत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू नकळत ताठरतात, सांध्यातला वंगणाचा द्रव दाट होतो. बोटांच्या सांध्यांवर मांस कमी, म्हणून ते सर्वांत आधी आखडतात. यात कोणाला फारशी शंका नाही.

मग प्रत्यक्ष रुग्णांवर झालेले अभ्यास काय सांगतात? ते एकमेकांशी भांडतात, हे आधीच सांगतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ हॉलंडर यांनी हवामान बदलता येईल अशी बंद खोली बांधली आणि मोजक्या रुग्णांना तिच्यात राहायला ठेवले. एकट्या दाबाने किंवा एकट्या ओलाव्याने विशेष काही झाले नाही. ओलावा वाढवून त्याच वेळी दाब उतरवला तेव्हा बहुतेकांचे दुखणे वाढले. रुग्ण इतके थोडे होते की हा पुरावा कायम कच्चाच राहिला. 2007 मध्ये अमेरिकेतच गुडघ्याची झीज असलेल्या 200 जणांची तीन महिने नोंद ठेवली गेली. तापमान घसरले की दुखणे वाढले, आणि दाब वाढला तेव्हाही वाढले! हॉलंडर यांच्या अगदी उलट.

1996 मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ एमॉस ट्वर्स्की यांनी वेगळाच पेच टाकला. त्यांनी 18 संधिवातग्रस्तांकडून पंधरा महिने, महिन्यातून दोनदा, दुखण्याची नोंद घेतली आणि ती हवामानखात्याच्या आकड्यांशी ताडून पाहिली. रुग्णांचा विश्वास ठाम होता. आकड्यांत संबंध सापडला नाही. मग त्यांनी विद्यार्थ्यांना एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या आकड्यांच्या जोड्या दाखवल्या, तर त्यांतही बऱ्याच जणांना नाते दिसले. पावसाळी दिवशी दुखले की ते लक्षात राहते, कोरड्या दिवशी दुखले की विसरले जाते. हे खरे आहे. पण महिन्यातून दोनदा विचारून रोज बदलणाऱ्या हवेचा माग लागेल का, ही माझी शंकाही तितकीच खरी आहे.

2017 मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एक कोटीहून अधिक दवाखानाभेटी तपासल्या गेल्या. पावसाच्या दिवशी सांधे किंवा पाठ दुखते म्हणून येणाऱ्यांचे प्रमाण कोरड्या दिवसांपेक्षा वाढलेले नव्हते. हा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. पण ज्या देशात डॉक्टरांची वेळ आठवडे आधी घ्यावी लागते, तिथे दवाखान्यात जाण्याचा दिवस आणि दुखण्याचा दिवस एकच कसा असेल?

या सर्वांत मला सर्वाधिक विश्वासार्ह वाटतो तो ब्रिटनमधल्या मँचेस्टर विद्यापीठाचा अभ्यास. विल डिक्सन यांच्या नेतृत्वाखाली 2016 मध्ये सुरू झालेल्या या कामात 13 हजारांहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. ते मोबाइलवर रोज आपले दुखणे, झोप, मनःस्थिती, हालचाल नोंदवत. फोनच्या ठावठिकाण्यावरून तिथली हवा आपोआप नोंदली जाई. नियमित नोंदी देणाऱ्या 2,658 जणांच्या माहितीवरून 2019 मध्ये निष्कर्ष आले. दमट, वाऱ्याच्या आणि कमी दाबाच्या दिवशी दुखणे वाढण्याची शक्यता जास्त असते, आणि त्या दिवशी मन खट्टू होते किंवा हालचाल कमी होते एवढ्याने त्याचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. फरक किती? एरवी शंभरातले पाच दिवस वाईट जात असतील, तर अशा हवेत सहा. म्हणजे आजी म्हणते ते अगदीच खोटे नाही. फक्त हवेचा वाटा तिला वाटतो त्यापेक्षा लहान आहे. माणसामाणसांत फरकही मोठा दिसतो, आणि सरासरी काढली की ज्यांना हवा फार बाधते ते न बाधणाऱ्यांच्या गर्दीत हरवतात.

2024 मध्ये सिडनीच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पंधरा हजारांहून अधिक लोक त्यांत होते. कंबर आणि गुडघ्याच्या दुखण्याचा तापमान, आर्द्रता किंवा पावसाशी थेट संबंध त्यांना आढळला नाही. गाऊटचा आढळला, आणि तोही पावसाशी नव्हे: कडक ऊन आणि कोरडी हवा असताना गाऊटचा झटका येण्याचा धोका दुपटीच्या घरात गेला. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे.

हे सारे वाचताना एक अडचण सतत खटकते. हे अभ्यास ज्या देशांतले आहेत तिथला ओलावा पुष्कळदा थंडीबरोबर येतो. युरोपातल्या सहा देशांच्या एका पाहणीत तर ओलाव्याचा परिणाम गार हवेत जास्त दिसला. रत्नागिरीचा जुलै दमट आहे, पण गार नाही. महाबळेश्वरचा गारही आहे. सोलापुरात पाऊस एवढा कमी की कोकणातल्या माणसाला तो पावसाळा वाटणारच नाही. मँचेस्टरचा पाऊस आणि मालवणचा पाऊस एकच धरून निष्कर्ष इकडे आणणे बरोबर नाही. आपल्या नक्षत्रांच्या, आपल्या मातीच्या हिशेबाने रोजच्या नोंदी ठेवणारे मोठे काम इथे व्हायला हवे, आणि भिगवणमध्ये घरोघर जाणारे डॉक्टर ज्या राज्यात निघाले तिथे ते होऊ शकते.

तोवर ज्याबद्दल खात्री आहे तिकडे वळू. पावसाळा आपल्या घरात काय बदल करतो ते पाहा. सकाळचे फिरणे पहिल्या आठवड्यातच बंद पडते, कारण रस्ता निसरडा, पायऱ्यांवर शेवाळ, आणि एकदा पडले तर खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती. दोन आठवडे न चालल्याने मांडीचे पुढचे स्नायू ढिले पडतात. गुडघ्याला खरा आधार त्याच स्नायूंचा असतो. मग गुडघा दुखतो, दुखतो म्हणून माणूस आणखी बसतो, आणि सगळा दोष पावसाला जातो. घरात कपडे वाळत नाहीत, ओली चादर अंगावर येते, झोप लागत नाही. अपुऱ्या झोपेनंतर तेच दुखणे जास्त जाणवते. बायकांचे काम मात्र वाढते: चिखलाची फरशी पुसा, कपडे पिळा, दोरीवरून आत-बाहेर करा. कोकणात आणि मावळात भातलावणीचे दिवस म्हणजे घोटाभर पाण्यात तासन्तास कमरेतून वाकून उभे राहणे. त्या काळात तिथल्या बाईचे गुडघे आणि कंबर दुखत असतील तर कारण आभाळात शोधायची गरज नाही.

यावरचे उपाय साधे आहेत आणि ते मेमध्येच करायला हवेत. मोरीत आणि संडासात भिंतीला धरायची दांडी बसवणे, उकिडवे बसणे टाळण्यासाठी कमोड किंवा निदान वर ठेवायची खुर्ची, तळ झिजलेल्या चपला टाकून देणे, ओट्याशी उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून काम. गणपतीत उकडीचे मोदक करताना तीन-तीन तास जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या कितीतरी जणी दुसऱ्या दिवशी उठू शकत नाहीत. पाट टेबलावर आणला तर मोदकाच्या कळ्या काही बिघडत नाहीत. आणि चालणे घरात आणायचे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करून दहा मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे. भिंतीला पाठ लावून थोडे खाली सरकायचे. सवय लागायला वेळ लागतो, म्हणून पावसाची वाट न पाहता ऋतुसंधीतच, फिरणे चालू असतानाच हे सुरू करावे.

व्यायामाबद्दल इतके ठासून सांगण्याला आधार आहे. गुडघ्याच्या झिजेवर नियमित व्यायामाचा वेदना कमी करण्याचा परिणाम तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांच्या तोडीचा असल्याचे अभ्यासांतून दिसते, आणि त्याने पोटात अल्सर होत नाही. वजनाचा हिशेबही मोजलेला आहे: शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. सुजलेल्या, गरम सांध्याला त्या दिवशी विश्रांती द्यावी. बाकी शरीराला नको. ‘दुखतंय तर चालू नका’ हा मायेचा सल्ला अनेक घरांतून मिळतो, आणि त्याने माणूस अंथरुणाला खिळतो.

पावसाळ्याचा दुसरा धोका तापाचा. डेंग्यूमध्ये रक्तबिंबिका घटतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये मूत्रपिंडावर घाला येतो. सांधे दुखतात म्हणून घरात डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनच्या पट्ट्या असतातच, आणि तापात अंग मोडून आले की हात तिकडेच जातो. अशा तापात या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड बिघडू शकते. रक्त तपासून होईपर्यंत योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि डॉक्टर. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ते मनाने बंद न करता आधी विचारावे.

चिकुनगुनियाचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. मग सुमारे तीन दशके तो देशातून जणू नाहीसा झाला आणि 2005 च्या अखेरीस परतला. 2006 मध्ये देशभर 13 लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा, दिवसा चावणारा एडिस डास तो पसरवतो, म्हणून साथ साधारण पावसाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर जोर धरते. ताप आठवड्यात उतरतो. मनगटे, घोटे, बोटे मात्र महिनोन् महिने, काहींची वर्षानुवर्षे दुखतात. बहुतेकांचे दुखणे हळूहळू ओसरते हे त्यांना स्पष्ट सांगायला हवे, कारण घाबरलेला माणूस भोंदू औषधाकडे धावतो. ज्यांच्या सांध्यांची सूज तीन महिन्यांनंतरही उतरत नाही, त्यांनी संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. काहींच्या बाबतीत हा आजार ऱ्हूमॅटॉइडसारखाच वागतो आणि तसेच उपचार लागतात.

थंडीबद्दल महाराष्ट्रात फार बोलले जात नाही, पण नागपूर, नाशिक, निफाडकडच्या पहाटा सांध्यांना सोप्या नसतात. ऊसतोड कामगार याच दिवसांत, दिवाळीपासून पुढे, अंधारातच फडात उतरतात. दवाने भिजलेला ऊस, हातात कोयता, डोक्यावर मोळी, आणि रात्री पालात जमिनीवर झोप. त्यांच्या सांध्यांसाठी ऋतुचर्या सांगणारा लेख लिहिणे सोपे आहे. फडाजवळ गरम पाणी, कोरडी झोपायची जागा आणि दुखणाऱ्या बाईला मजुरी न कापता एक दिवस सुट्टी मिळणे हे खरे उपचार आहेत. घरात राहणाऱ्यांना थंडीचा सामना तुलनेने सोपा. रात्री पायमोजे आणि हातमोजे, उठण्यापूर्वी पांघरुणातच बोटे, मनगटे, घोटे हलवणे, अंघोळ जरा उशिरा आणि कोमट पाण्याने, तिच्यानंतर लगेच व्यायाम. थंडीत किंवा फ्रिजमध्ये हात घातल्यावर बोटे पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो नुसता गारठा समजू नये. ऱ्हेनॉड नावाची ही अवस्था ल्युपससारख्या आजारांची खूण असू शकते.

उन्हाळ्यात बहुतेकांचे सांधे मोकळे वाटतात, आणि धोका तिथेच लपतो. घामाने शरीर सुकते, मूत्रपिंडाकडे रक्त कमी जाते, त्यात रक्तदाबाची आणि लघवीची औषधे चालू असतात आणि वर रोजची वेदनाशामक गोळी. साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाचे मूत्रपिंड एवढ्याने खालावू शकते. गाऊट असलेल्यांनी पाणी कमी पडू देऊ नये. लग्नाच्या पंगतीत मटण आणि नंतर बिअर या जोडीने मे महिन्यात अनेकांचा अंगठा पेटतो. निर्जळी उपासानेही युरिक ॲसिड वाढते.

उपासाचा विषय निघाला आहे तर श्रावणाबद्दल सांगायलाच हवे. सोमवार, शनिवार, एकादशी, पुढे नवरात्र. उपाशीपोटी घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला जखम करते हे ठाऊक असूनही, ‘गोळीने उपास मोडत नाही’ म्हणून ती पाण्याबरोबर घेतली जाते. दुसरीकडे काही जणी उपासाच्या दिवशी औषधच टाळतात. ऱ्हूमॅटॉइडच्या औषधांत असे चालत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, ठरलेल्या वारी. तो वार उपासाचा असेल तर डॉक्टरांना विचारून वार बदलावा. आणि हे गैरसमजाने रोज घेतले गेले तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जीवावर बेतते. पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून ठेवणे, घरातल्या दोघांना ते सांगून ठेवणे एवढ्याने हा अपघात टळतो. बरे वाटू लागले म्हणून ऑक्टोबरमध्ये औषध सोडणारे पुष्कळ भेटतात. कोरड्या हवेत बरे वाटते, त्याच सुमारास औषधही काम करू लागलेले असते, आणि श्रेय हवेला जाते. आतली सूज मात्र हाड खात राहते.

घरगुती उपायांकडे मी आदराने पाहतो. तव्यावर गरम केलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तिळाचे कोमट तेल: उबेने स्नायू सैल होतात, रक्ताभिसरण वाढते, आणि कोणीतरी वेळ काढून आपले गुडघे चोळते आहे याचाही गुण येतो. झिजलेल्या सांध्याला शेक, लाल-गरम सुजलेल्या सांध्याला मात्र थंड पट्टी. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी शेक घेताना आधी दुसऱ्याच्या हाताने ऊब तपासावी. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून झालेल्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत. आयुर्वेदिक औषधांवर गंभीर कामही झाले आहे. पुण्याच्या चोप्रा यांच्या गटाने 440 रुग्णांवर केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या झिजेवर काही आयुर्वेदिक मिश्रणे सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या बरोबरीची ठरली. त्याच चाचणीत काहींचे यकृताचे आकडे वाढलेलेही आढळले. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असे मानणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य विसरू नये. बाजारातल्या बिननावाच्या पुड्या हा वेगळाच विषय आहे. दोन दिवसांत नाचायला लावणाऱ्या पुडीत बहुधा स्टिरॉइड असते. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर माणूस कोसळू शकतो. ती घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली उतरवा.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना संसर्ग लवकर होतो. महाराष्ट्रात फ्लूची लाट पावसाळ्यात वर येते, म्हणून त्याची लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही त्याच भेटीत विचारावे. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र अशा रुग्णांना बहुधा चालत नाहीत. पावसाळ्यात ताप आला तर मेथोट्रेक्सेटचा त्या आठवड्याचा डोस घ्यायचा की नाही हे फोन करून विचारावे, आणि स्टिरॉइड चालू असेल तर ते अचानक थांबवू नये.

डॉक्टरांकडे जाताना ‘पावसात दुखते’ एवढे सांगण्यापेक्षा एक वही न्यावी. रोज रात्री एका ओळीत: दुखणे दहापैकी किती, सकाळचा ताठरपणा किती वेळ, किती चाललात, झोप कशी झाली, आभाळ कसे होते. हवेचा रकाना शेवटी भरावा, म्हणजे आभाळ पाहून दुखण्याचा आकडा ठरत नाही. दोन ऋतू पार पडले की कळते की आपण हवेला खरेच संवेदनशील आहोत की न चालल्याचे दिवस आपल्याला भोवतात. ताठरपणा एक तासाच्या वर जात असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, वजन उतरत असेल किंवा एकच सांधा तापासह फुगला असेल, तर ऋतू बदलण्याची वाट पाहत थांबू नये. तापासह फुगलेल्या सांध्यात पू असू शकतो आणि ती त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची वेळ असते.

संधिवाताचे तज्ज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. गडचिरोलीत नदीला पूर आला की रस्ते तुटतात, कोकणात घाटात दरड कोसळली की दोन-दोन दिवस गाडी जात नाही. अशा भागात राहणाऱ्यांनी जूनच्या आधी एक भेट उरकून घ्यावी, रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि नेहमीच्या औषधांचा महिनाभराचा जादा साठा कोरड्या डब्यात, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह ठेवावा. गावातल्या आशाताईंना औषधांची नावे लिहून द्यावीत. जिल्हा रुग्णालयांनी महिन्यातून एक दिवस संधिवाताचा बाह्यरुग्ण विभाग चालवला, आणि शहरातल्या तज्ज्ञाने तो दिवस मोबाइलवरून का होईना सांभाळला, तर त्या डोंगरापलीकडच्या बाईला भातलावणी बुडवून दोनशे किलोमीटर जावे लागणार नाही.